प्लग माझ्या हातात होता

नमस्कार. आधीच सांगतो, मी या असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. घरात कुणी भुताखेताचा विषय काढला की मी चप्पल घालून बाहेर निघतो. माझा धंदाच तसा आहे. नांदेडला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं छोटं दुकान आहे. फ्यूज, वायरिंग, सेल्फ, डायनॅमो, हेच रोजचं काम. माझ्याकडे लोक गाड्यांच्या नाना कहाण्या घेऊन येतात. एक जण आला होता, कबरस्तानाच्या जवळ आलं की जीपचा हॉर्न आपोआप वाजतो म्हणून. बिचाऱ्यानं गाडीला लिंबू-मिरची, ताईत, सगळं बांधलेलं. मी स्टिअरिंग खोललं तर हॉर्नची वायर घासून उघडी पडलेली, आणि त्या जागी रस्त्याला वळण होतं. वळवलं की वायर टेकायची. संपली भुताची गोष्ट.

म्हणून आता जे लिहून राहिलो ते लिहायला मला बराच वेळ लागला. बायको म्हणाली, लिहून टाका, डोक्यातून तरी जाईल.

माझा एक मित्र आहे, बालाजी. उमरीचा. आम्ही दोघं आयटीआयला एका बाकावर होतो. तो पुढे मंडप-डेकोरेशनच्या धंद्यात गेला. लग्नाला मंडप, लायटिंग, साउंड, सगळं त्याचं. खेड्यात लाईटीचा भरवसा नाही, त्यामुळे जनरेटर लागतोच. जनरेटर त्याच्याकडे होता, पण तो वाहून न्यायची ट्रॉली नव्हती. दर वेळी भाड्याची बघायची. एकदा ऐन वरात दारात आली अन् भाड्याची ट्रॉली आलीच नाही... तेव्हापासून त्यानं मनावर घेतलं होतं. लातूरला जुन्या सामानाच्या एका यार्डात त्याला दोन चाकांची ट्रॉली सापडली. त्याच्या जुन्या डिझेल व्हॅनच्या मागे लावता येईल अशी. मला फोन आला, "अन्वर, चल माझ्यासंगं. तू वायरिंग करून दे, मग जोडूनच घेऊन येऊ. उद्या लगीन हाय एक."

आम्ही सकाळीच लातूरला पोचलो. यार्डवाले जब्बारचाचा म्हणजे पांढरी दाढी, तोंडात पान, मोजकंच बोलणं. ट्रॉली चांगली होती. निळा रंग, वर पत्र्याचं छत, आत रिकामी. मागच्या पत्र्यावर कुणीतरी हौसेनं ब्रशनं मोर काढलेला. चाकं, बेअरिंग, स्प्रिंगचे पाटे, सगळं ठीक. फक्त मागच्या लाईटीची वायर पुढच्या टोकाला तुटलेली होती. कापलेली नाही, ओढून तुटल्यासारखी. जुन्या सामानात असं असतंच, मी लक्ष दिलं नाही.

आता जरा कामाचं सांगतो, कारण पुढचं कळायला ते लागेल. व्हॅनच्या मागे एक हूक असतो. ट्रॉलीचा दांडा त्याच्यात बसतो आणि वरून एक जाड पिन टाकतात. पिन उसळून वर येऊ नये म्हणून तिच्या खालच्या टोकाला भोक असतं, त्यात क्लिप अडकवायची. क्लिप काढल्याशिवाय पिन निघत नाही... निघूच शकत नाही. तरी मी वरून दोन साखळ्या लावतो, दांड्याच्या खालून एकमेकींना तिरप्या. उद्या काही झालं तर ट्रॉली साखळीवर राहील आणि दांड्याचं नाक रस्त्यात घुसणार नाही. बालाजी म्हणाला, "एवढं कशाला रे, आपल्याकडं कोण लावतंय साखळ्या?" मी म्हणालो, मी लावतो.

वायरिंगही मी पूर्ण नवीन ओढलं. जुनी वायर सगळी काढून फेकली. ट्रॉलीसाठी व्हॅनमध्ये वेगळी फ्यूजपेटी बसवली, म्हणजे ट्रॉलीकडे काही शॉर्ट झालं तरी व्हॅनच्या स्वतःच्या लाईटी चालू राहतील. व्हॅनला सात पिनचा सॉकेट, ट्रॉलीच्या वायरीला नवा प्लग. मागच्या लाईटीचे डबे जुनेच ठेवले, पण बल्ब माझ्या पेटीतले, कोरे. बालाजीनं ब्रेक दाबला, मी मागे उभं राहून पाहिलं. ब्रेक, इंडिकेटर, पार्किंग, सगळं ओके.

जेवण करून आम्ही अहमदपूरच्या रस्त्यानं नांदेडकडे निघालो. बालाजी चालवत होता. चाकूर मागे पडलं असेल-नसेल, माझ्या फ्यूजपेटीतून 'टक्' असा आवाज आला. ब्रेक लाईटीचा फ्यूज उडाला होता. मी चालत्या गाडीतच दुसरा टाकला. थोडं पुढं गेलो अन् तोही उडाला. मला राग आला स्वतःचा. नव्या वायरिंगमध्ये शॉर्ट? बालाजी हसायला लागला, "काय रे मिस्त्री, हेच काय तुझं ओके?"

रस्त्याच्या कडेला लिंबाच्या झाडाखाली एक चहाचं हॉटेल होतं. पत्र्याचं शेड, पुढं दोन बाकडी. तिथं व्हॅन घेतली. हॉटेलवाली एक वयस्कर मावशी होती. बालाजीनं चहा सांगितला आणि मी मागे जाऊन ट्रॉलीचा प्लग सॉकेटमधून ओढून काढला. शॉर्ट व्हॅनकडे आहे की ट्रॉलीकडे, हे बघायचं तर आधी दोघं वेगळे करायचे, साधी गोष्ट.

प्लग माझ्या हातात होता. वाकून मी त्याच्या पिना बघून राहिलो होतो. मागून मावशी म्हणाली, "बाबा, त्या ट्रॉलीत कुणी बसलंय का?"

"न्हाई मावशी. रिकामी हाय."

"मग लाईट कोण लावून राहिलंय?"

मी ट्रॉलीच्या मागे गेलो. भर दुपार, वर ऊन, पण झाडाच्या सावलीत स्पष्ट दिसत होतं. दोन्ही लाल लाईटी लागलेल्या. मी बघत असतानाच विझल्या. परत लागल्या. विझल्या.

पहिला विचार तोच आला जो कुठल्याही मेकॅनिकला येईल, ट्रॉलीत कुठंतरी बॅटरी आहे. जनरेटरच्या ट्रॉलीत असते एखादी. मी आत चढलो. पत्र्याखाली, कोपऱ्यात, चॅसीच्या खाली झोपून बघितलं. काही नाही. लोखंड आणि मी ओढलेली नवी वायर, एवढंच. मग मीटर काढला आणि प्लगच्या ब्रेकच्या पिनेवर लावला.

मीटरवर बारा व्होल्ट.

मी मीटर उलटा लावून पाहिला, अर्थिंगची जागा बदलून पाहिली. बाराच. व्होल्टेज व्हॅनकडून ट्रॉलीकडे जायला पाहिजे. इथं ते ट्रॉलीकडून येऊन राहिलं होतं... ज्या ट्रॉलीत काहीच नव्हतं. फ्यूज का उडून राहिले ते तेवढ्यात कळलं. मागून करंट येऊन माझ्या फ्यूजवर आदळत होता. कुठून येत होता, ते कळलं नाही.

बालाजी हातात चहाचा ग्लास घेऊन आला. मी प्लग वर करून दाखवला. तो लाईटीकडे बघत राहिला. आम्ही तिघं उभे होतो, मी, बालाजी आणि मावशी. लाल लाईट लागली, विझली. मग डावा इंडिकेटर चालू झाला. टिक, टिक, टिक... थोडा वेळ चालला आणि बंद झाला. परत ब्रेक, थोडासा. मग बराच वेळ काहीच नाही. मग ब्रेक, ब्रेक, असा दोनदा पटापट.

वायर शॉर्ट झाली की लाईट कशी फडफडते ते मी आयुष्यभर बघितलंय. ही फडफड नव्हती. बालाजी माझ्याआधी बोलला. तो रोज गाडी चालवणारा माणूस.

"अन्वर," तो हळूच म्हणाला, "ह्ये तर कुणी गाडी चालवायल्यावानी हाय. हे बघ, स्पीडब्रेकर आला. आता गाव लागलं. आता मोकळा रस्ता."

ते ऐकल्यावर मलाही दुसरं काही दिसेना. ट्रॉली लिंबाखाली जागेवर उभी होती आणि तिच्या लाईटी कुठल्यातरी दुसऱ्याच गाडीच्या तालावर चालल्या होत्या. कुणाचा तरी पाय ब्रेकवर जात होता, कुणाचा तरी हात इंडिकेटरवर. आणि तो आमच्यापैकी कुणाचा नव्हता.

मी बालाजीला म्हणालो, ट्रॉली इथंच सोडू. जब्बारचाचाला फोन करू, घेऊन जाऊ दे वापस. पण मावशीनं पदर तोंडाला लावला होता. "माझ्या दारात न्हाई ठेवायची. तुमचं काय आसंल ते आसंल, हितून घिऊन जा. माझी नातवंडं खेळत्यात हितं." चहाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत तिनं.

बालाजीलाही घाई होती. "उद्या सकाळचा मुहूर्त हाय. आज रात्रीच्या आत जनरेटर बसवायचाय. लोकाच्या पोरीचं लगीन हाय अन्वर, मी काय सांगू त्यांना? ट्रॉलीत भूत हाय म्हणून?"

मग मी मला सुचलं ते केलं. स्क्रू खोलून लाईटीच्या डब्यांतले सगळे बल्ब काढले. बल्बच नाही तर लागणार काय? कागदात गुंडाळून शर्टाच्या खिशात टाकले. प्लग सॉकेटला न लावता दांड्याला बांधून टाकला. मागे लाल फडकं बांधलं आणि बालाजीला बजावलं की व्हॅनच्या लाईटी मागच्याला ट्रॉलीमुळे दिसत नाहीत, तेव्हा हळू चालव, थांबायच्या आधी हात बाहेर काढ. पिन बघितली. क्लिप बघितली. साखळ्या हातानं ओढून बघितल्या. हे मी मुद्दाम लिहितो, कारण नंतर मला बऱ्याच जणांनी विचारलं, क्लिप विसरला असशील. नाही विसरलो. बालाजीनंही वाकून बघितली होती.

निघालो. बालाजीनं टेप लावला आणि लगेच बंद केला. मी डाव्या आरशात ट्रॉलीचा पत्रा बघत होतो. पुढं रस्ता थोडा चढाचा होता, आणि चढ संपला की लांबलचक उतार. उताराच्या तोंडाला आलो आणि मला छातीवर गरम लागलं.

मी खाली बघितलं. शर्टाच्या खिशात उजेड होता.

मला माहीत आहे हे वाचताना कसं वाटतं. मी स्वतः वाचलं असतं तर हसलो असतो. पण कापडातून पिवळा उजेड येत होता, कागदातून, खिशातून. माझ्या छातीवर बल्ब लागले होते. ना वायर, ना होल्डर. थोडा वेळ नाही, सलग... जसा कुणी ब्रेक पूर्ण दाबून धरलाय. मी ओरडलो, "बालाजी! थांबव!" आणि खिशात हात घालून बल्ब खिडकीतून बाहेर फेकले. बोटं भाजली.

बालाजीनं घाबरून ब्रेक दाबला. त्याच क्षणी मागून धाडकन आवाज आला आणि व्हॅनला असा हिसका बसला की माझं डोकं काचेला लागलं. व्हॅन तिरपी होऊन कडेला थांबली.

उतरून बघितलं. ट्रॉली हूकमधून सुटली होती. दांडा खाली येऊन दोन्ही साखळ्यांवर टेकला होता, आणि साखळ्या ताणलेल्या दोरीसारख्या ताठ झालेल्या. साखळ्या नसत्या तर दांड्याचं नाक डांबरात घुसून ट्रॉली आडवी झाली असती, त्या उतारावर, आणि मागून...

मागून एक टमटम आली होती. आमच्यापासून थोड्या अंतरावर थांबलेली. आत शाळा सुटून घरी निघालेल्या मुली दाटीवाटीनं बसलेल्या. टमटमवाला उतरून आला.

"वाचलो दादा," तो म्हणाला. "तुमच्या ट्रॉलीची लाल लाईट लागली म्हणून मी आधीच दाबला ब्रेक. न्हाईतर घुसलोच होतो खाली."

मी म्हणालो, "कुठली लाईट?"

"ट्रॉलीची. दोन्ही लाल. लांबूनच दिसल्या की."

मी त्याला ट्रॉलीच्या मागे नेलं आणि डबे दाखवले. स्क्रू ढिले, आत होल्डर रिकामे. टमटममधली एक मुलगी बाहेर डोकावून म्हणाली, "आत्ता बी लागलीय ना!" आम्ही सगळ्यांनी बघितलं. मला काही दिसलं नाही. ती मात्र बोट दाखवत राहिली, आणि मग म्हणाली, "विझली." टमटमवाल्यानं गाडी काढली आणि मुलींना घेऊन निघून गेला.

मग मी हूक बघितला. पिन हरवू नये म्हणून तिला दोरी बांधलेली असते, त्या दोरीला ती लटकत होती. आणि पिनेच्या टोकाला क्लिप तशीच, बंद. अडकवलेली होती तशी. ज्यांना हे काम माहीत आहे त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. क्लिप बंद असेल तर पिन हूकच्या भोकातून वर येऊच शकत नाही. भोक फाटलेलं नव्हतं, पिन वाकलेली नव्हती. मी ती क्लिप बोटानं उघडून बघितली, कडक होती, मला जोर लावावा लागला.

बालाजी रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला होता. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "वापस. मला न्हाई पाहिजे ही."

आम्ही ट्रॉली ढकलून रस्त्याच्या खाली सपाट जागेत घेतली, चाकांना दगड लावले आणि जब्बारचाचाला फोन केला. अंधार पडायच्या आत ते स्वतः ट्रॅक्टर घेऊन आले. ट्रॉली बघितली नाही त्यांनी. आधी रस्ता बघितला, वर चढाकडे, खाली उताराकडे. मग टोपी काढून हातात घेतली.

"इधरच?" ते म्हणाले.

मी विचारलं, "क्या इधरच, चाचा?"

ते सांगायला तयार नव्हते. मी जरा आवाज चढवला तेव्हा बोलले. ही ट्रॉली त्यांनी बेवारस सामानाच्या लिलावात घेतली होती. ती याच उताराला सापडली होती, रस्त्याच्या डाव्या बाजूला, सरळ उभी. एक ओरखडा नाही. वायर ओढून तुटलेली, बस.

"और गाडी?" मी विचारलं. "जिस गाडी को लगी थी, वो?"

"गाडी मिलीच नइ," चाचा म्हणाले. "ढूंढे बहुत. नीचे खेतां देखे, नाला देखे. कोई पूछने को बी नइ आया. अब ट्रॉली अकेली चल के तो नइ आती ना बेटा."

त्यांनी बालाजीचे पैसे तिथंच परत दिले. न मागता. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडली आणि लातूरकडे निघाले. जाताना मी बघत होतो, एकही लाईट लागली नाही.

बालाजीनं त्याच रात्री इकडून तिकडून भाड्याची ट्रॉली मिळवली, दुसऱ्या दिवशी लग्न पार पडलं. मी कितीतरी दिवस हा प्रश्न डोक्यात फिरवला. इलेक्ट्रिकच्या दोन शिकलेल्या माणसांना विचारलं, खरंखुरं वायरिंगचं चित्र काढून. एक म्हणाला, स्टॅटिक असेल. स्टॅटिकनं बल्ब सलग लागत नाही. दुसरा म्हणाला, तुमचा मीटर खराब असेल. मीटर आजही माझ्या दुकानात आहे, रोज वापरतो, बरोबर दाखवतो. खिशातल्या बल्बबद्दल मी त्यांना विचारलंच नाही.

काही महिन्यांनी दुकानात गर्दीच्या वेळी जब्बारचाचांचा फोन आला. ट्रॉली विकायची हिंमत झाली नाही म्हणून त्यांनी गॅस कटरनं तिचे तुकडे केले होते. चाकं एकीकडे, पत्रा एकीकडे, वायर जाळून तांबं काढलेलं. लाईटीचे डबे तेवढे खिळ्याला टांगून ठेवले होते.

"अन्वर बेटा," ते म्हणाले, "वो लाल बत्ती जल रई है."

मी विचारलं, "कब से?"

"सुबू दुकान खोला तब से. बुझतीच नइ. पैले बी जलती थी कबी-कबी, जल के बुझ जाती थी. आज बुझतीच नइ."

त्यांच्या आवाजात भीती नव्हती, तेच मला जास्त लागलं. एखादा माणूस हॉस्पिटलच्या बाहेर बसून बोलतो तसे ते बोलत होते. मी म्हणालो, डब्यावर पोतं टाका. ते म्हणाले, टाकलं, पोत्यातून दिसतीय. त्यांच्याकडच्या यार्डात कुणीतरी लोखंडावर हातोडा मारत होतं, ते मला फोनमधून ऐकू येत होतं.

संध्याकाळी मीच परत फोन लावला. अजून जळत होती. दुसऱ्या दिवशीही. मग मी फोन करणं बंद केलं, आणि त्यांनीही.

हे काय होतं, मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा, पण कृपा करून शॉर्ट सर्किट म्हणू नका, ते मी तुमच्यापेक्षा जास्त बघितलंय. मला फक्त एवढं कळतं की लाल लाईट म्हणजे कुणाचा तरी पाय ब्रेकवर आहे. तो उतार कुठला, ती गाडी कुठं आहे, तिच्यात कोण आहे, देव जाणे, अल्ला जाणे... पण त्या माणसानं ब्रेक दाबून धरलाय, आणि त्याची गाडी अजून थांबलेली नाही.